सकाळी तीस वेळा दोरी, दुपारी एका ओढीत चालू: जुन्या आऊटबोर्डचं दुखणं कुठे असतं

देवबागच्या एका होडीवाल्याचा प्रश्न आहे. 25 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर, दोरीने सुरू होणारं. सकाळी पर्यटक लाइफ जॅकेट घालून उभे असतात आणि इंजिन 25-30 वेळा दोरी ओढल्याशिवाय दाद देत नाही. एकदा सुरू झालं की दिवसभर एका ओढीत चालू. दोन्ही प्लग नवीन टाकून झाले, कॉइलही बदलून झाली, फरक काही नाही. ‘थंडीमुळे होत असेल का?’ असं त्यांनी विचारलंय.

थंडीमुळे नाही. आपल्या खाडीकाठाला जानेवारीच्या पहाटेही पारा 18-20 च्या आसपास असतो, आणि हीच इंजिनं नॉर्वेसारख्या देशात शून्याच्या खाली सुरू होतात. मी मालवण, देवबाग, तारकर्ली या पट्ट्यात सव्वीस वर्षं आऊटबोर्डची कामं करतोय. गार इंजिन सुरू होत नाही अशी तक्रार आली की दहापैकी आठ वेळा दुखणं पेट्रोलच्या वाटेवर सापडतं, आणि लोकांनी खर्च केलेला असतो विजेच्या बाजूला. प्लग हाताला लागतो, कॉइल दुकानात मिळते, म्हणून आधी तेच बदललं जातं. तुमची गोष्ट मला त्याच वाटेची वाटते. दुपारी एका ओढीत सुरू होणाऱ्या इंजिनाची कॉइल सहसा चांगलीच असते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पेट्रोल द्रव असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन गरम असलं की आत गेलेल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोलची वाफ होते. इंजिन गार असलं की त्यातल्या सर्वात हलक्या भागाचीच वाफ होते आणि बाकीचं थेंब होऊन आतल्या भिंतींना चिकटून बसतं. म्हणून सकाळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल आत पाठवावं लागतं, तेव्हा कुठे जळण्याइतकी वाफ तयार होते. चोक त्यासाठीच असतो. हवेची वाट बंद केली की ओढ पडते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल जास्त येतं. त्यातही टू-स्ट्रोकमध्ये हे मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनमागच्या बंद पेटीत, जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये. त्यामुळे रात्रभर उभ्या इंजिनाच्या पहिल्या दोन-तीन ओढी नुसती क्रँककेस ओली करण्यात जातात. इंजिन चौथ्या-पाचव्या ओढीला बोललं तर ते निरोगी आहे.

मग विचार करायचा तो एवढाच: सकाळी हे जास्तीचं पेट्रोल कुठे अडतंय? की पोचतंय, पण त्यात वाफ होण्यासारखं काही उरलेलंच नाही?

पाना हातात घेण्याआधी सुरू करायची पद्धत एकदा तपासा. नव्या खलाशाच्या हाती होडी असेल तर नक्कीच तपासा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब बाणाची दिशा वर करून उभा धरा आणि कडक होईपर्यंत दाबा. आडवा धरून दाबला तर आतले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि बल्ब अर्धवटच भरतो. स्टॉप स्विचची क्लिप जागेवर आहे ना ते बघा. गिअर न्यूट्रलला, थ्रॉटल ‘स्टार्ट’च्या खुणेवर, चोकचं बटण पूर्ण बाहेर (म्हणजे हवा बंद). आता दोरी हळू ओढून ढिलेपणा काढा, घट्ट लागली की तिथून एका दमात सरळ ओढा. इंजिन एकदा खोकलं की चोक अर्धा आत करा आणि पुन्हा ओढा. चुकतात ते इथेच. खोकल्यावरही चोक पूर्ण ठेवून ओढत राहिलं की प्लग पेट्रोलने न्हाऊन निघतात. तसं झालं तर चोक पूर्ण आत, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पाच-सहा वेळा ओढा, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. इंजिन धरलं की लगेच थ्रॉटल खाली आणा, नाहीतर न्यूट्रलमध्येच ते किंचाळायला लागेल. माझ्याकडे काम शिकताना एक म्हातारे तांडेल (होडीचे प्रमुख) बाजूला उभे राहून रोज तेच सांगायचे, ‘आधी चोक बघ, मगे दोरी.’

पद्धत बरोबर असूनही 25 ओढी लागत असतील, तर कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी एक चाचणी करा. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. दोन्ही प्लग काढा. ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल अर्धा-अर्धा चमचा प्रत्येक सिलिंडरमध्ये सोडा. सांडलेलं पुसून घ्या, दोन मिनिटं वास उडू द्या, प्लग लावा, कॅप बसवा आणि दोरी ओढा. इंजिनाचा खालचा भाग पाण्यात हवा. जमिनीवर असाल तर पाण्याच्या पिंपात बुडवा, कारण कोरडं फिरलं तर पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलर काही क्षणांत खराब होतं. आता इंजिन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं, तर वीज आणि कॉम्प्रेशन दोन्ही चालू होण्यापुरती ठीक आहेत आणि दुखणं पेट्रोलच्या वाटेवर आहे. साधं खोकलंही नाही, तरच स्पार्ककडे वळा. पाच मिनिटांच्या या कामाने दोन-तीन हजारांची उगाच खरेदी वाचते. आणि एक कळकळीची विनंती: ईथरचा स्प्रे मारून टू-स्ट्रोक सुरू करू नका. त्यात ऑइल नसतं, सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर तो धुऊन टाकतो, आणि सकाळी त्या थराचीच सर्वात जास्त गरज असते.

तुमच्या बाबतीत चाचणीला इंजिन धडधडेल असं मी धरून चालतो. मग सगळ्यात आधी चोक.

काही वर्षांपूर्वी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या एका रापणकराचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचं) इंजिन माझ्याकडे आलं. प्लग, कॉइल, सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा), फ्युएल पंपाचा पडदा, सगळं नवं. तीन ठिकाणी दाखवून झालेलं. मी हवेच्या बाजूचं झाकण काढलं, चोकचं बटण पूर्ण ओढून ठेवलं आणि कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारली. चोकची गोल चकती बंद दिसत होती, पण खालच्या कडेला चतुर्थीच्या चंद्रासारखी उजेडाची एक फट होती, जेमतेम 3 मिलिमीटरची. बटणापासून चकतीपर्यंत येणारी तार कधीतरी झाकण बसवताना वाकली होती, त्यामुळे चकती शेवटपर्यंत फिरतच नव्हती. पक्कडीने तार सरळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चौथ्या ओढीला लागलं. एवढीशी फट का नडते? दोरीने फिरवताना इंजिनाचा वेग कमी असतो, ओढ मुळातच क्षीण असते. ती सगळी त्या फटीतून हवा खेचण्यात खर्च होते आणि पेट्रोल वर चढतच नाही. तेव्हा बटणाच्या हालचालीवर विश्वास ठेवू नका, चकती डोळ्यांनी बघा. काही चकत्यांना मुळातच एक बारीक भोक असतं, ते कंपनीचंच असतं. ते बुजवू नका. कडेची फट तेवढी घालवायची.

चोक ठीक असेल तर कार्बोरेटरच्या वाटीत, म्हणजे त्याच्या खालच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे का ते बघा. बल्ब कडक होणं म्हणजे वाटी भरणं, असं समजू नका. दोन-तीन महिने उभ्या इंजिनात फ्लोटची निडल, म्हणजे वाटीत येणारं पेट्रोल बंद-चालू करणारी सुई, चिकट गाळाने जागेवर घट्ट बसते. मग बल्ब दोन दाबांत दगडासारखा होतो आणि वाटी मात्र कोरडी राहते. म्हणून बल्ब दाबून झाल्यावर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि खाली काचेची छोटी बाटली धरा. चहाच्या कपाचा तळ झाकेल इतकं तरी पेट्रोल धारेने यायला हवं. थेंब-थेंब आलं किंवा आलंच नाही, तर निडल आणि तिची सीट साफ करायची. उलट बल्ब कधीच कडक होत नसेल आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल गळत असेल, तर निडल उघडी अडकली आहे. गळती दिसत नसेल तर बल्बमधला व्हॉल्व्ह गेलाय किंवा जोडात हवा शिरतेय.

बाटलीत आलेलं पेट्रोल फेकून देऊ नका. उजेडात धरून दहा मिनिटं स्थिर ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक सकाळच्या तक्रारींचं उत्तर त्या बाटलीत असतं.

मे महिन्यात उरलेलं पेट्रोल टाकीत ठेवून होडी वर ओढली आणि सप्टेंबरात तेच वापरायला काढलं, तर दिसायला ते पेट्रोलच असतं. पण आधी सांगितलेला तो सर्वात हलका भाग, जो गार इंजिनात एकटाच वाफ होतो, तो टाकीच्या हवेच्या वाटेने कधीच उडून गेलेला असतो. उरलेलं पेट्रोल गरम इंजिनात व्यवस्थित जळतं. म्हणून दिवसभर काही जाणवत नाही आणि सकाळी मात्र हात भरून येतात. तुमची लक्षणं नेमकी अशीच आहेत. त्यातून आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिन आणखी गार पडतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. तुमच्या जुन्या कार्बोरेटरचे जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेले आहेत, म्हणजे आता तेच मिश्रण त्याच्यासाठी थोडं सौम्य पडतं, हवेच्या मानाने इंधन कमी. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर हे आपोआप सांभाळून घेतो, तुमच्या इंजिनाला ती सोय नाही.

पाण्याचं प्रकरण तर याहून गंभीर आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा. एका मर्यादेपर्यंत पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बनतो, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. त्या थरात टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-स्ट्रोकचं ऑइल, जवळजवळ नसतंच. म्हणजे असं इंजिन सुरू होत नाही ही एका परीने कृपाच, कारण त्याच्यावर चाललं तर पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकू शकतो. बाटलीत तळाला वेगळी रेघ दिसली, किंवा पाण्याचे गोळे लोळताना दिसले, तर पूर्ण टाकी रिकामी करा. ‘थोडं ताजं मिसळू’ असा विचारही करू नका. ताजं पेट्रोल भरा, ऑइल इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणातच. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली, आणि डब्यावर टीसी-डब्ल्यू3, म्हणजे आऊटबोर्डच्या ऑइलची खूण, लिहिलेलं. मोटारसायकलचं टू-टी ऑइल इथे नको. ऑइल जास्त घातलं तर इंजिन जपलं जातं असा समज आपल्याकडे पक्का आहे. जास्त ऑइलने सकाळी प्लग तेवढे काळे आणि ओले होतात.

पेट्रोल ताजं, चोकची चकती पूर्ण बंद होणारी, वाटी भरलेली, आणि तरीही सकाळी त्रास असेल, तर आयडल जेट. सुरू करताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. तेव्हा मोठा मेन जेट फारसं काम करत नाही, सगळी भिस्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भोक असलेल्या त्या छोट्या पितळी जेटवर असते. तो अर्धा बुजला तरी भरधाव इंजिनाला पत्ता लागत नाही. याची एक खूण आहे: जेटीला लागताना हळू केलं की इंजिन गचके देतं किंवा बंद पडतं का? तसं होत असेल तर कार्बोरेटर उतरवाच.

वाटी उघडल्यावर तळाला पांढरी भुकटी दिसली तर पाणी राहिलं होतं, त्याने अॅल्युमिनियम खाल्लं. तपकिरी, थिजलेल्या काकवीसारखा थर दिसला तर जुनं पेट्रोल सुकलंय. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजून कागदावर लिहा, म्हणजे परत तिथेच बसवता येईल. रबरी सील आणि फ्लोट बाजूला ठेवून पितळी भाग आणि बॉडी कार्बोरेटर क्लीनरने भिजवा. जेटमध्ये सेफ्टी पिन, सुई, स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि ते दुरुस्त होत नाही. मी विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एक बट सोलून काढतो, त्यातली सर्वात बारीक तार जेटमधून अलगद फिरवतो, मग हवा मारतो. नंतर जेट आकाशाकडे धरून एक डोळा मिटून बघायचं. उजेडाचा ठिपका पूर्ण गोल आणि कडा स्वच्छ दिसायला हव्यात. किंचित जरी लंबुळका किंवा दातेरी दिसला तरी आत गाळ आहे, पुन्हा भिजवायचं. बॉडीतल्या बारीक वाटांमधूनही हवा मारा आणि ती पलीकडून बाहेर येते का ते बोट लावून बघा. जेट चकचकीत केला आणि वाट बुजलेली राहिली, असं घाईत होतं.

हवा शिरण्याची गोष्ट थोडक्यात. टाकीची नळी जोडतात त्या कनेक्टरमधला ओ-रिंग, नळीचे क्लिप, बल्बची दोन्ही तोंडं, इथून पेट्रोल बाहेर गळत नाही, पण पंप ओढायला लागला की हवा आत येते. इंजिनाच्या फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावून बघा. बुडबुड्यांची माळ दिसली की समजा. जुनी नळी बाहेरून चांगली दिसली तरी इथेनॉलने आतला थर सुटून पडदा लोंबतो, तेव्हा नळी आठ-दहा वर्षांची असेल तर बदलून टाका.

ज्यांचं इंजिन रॉकेलवर चालतं त्यांचं सकाळचं दुखणं बहुधा आदल्या संध्याकाळचं असतं. अशी इंजिनं पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायची असतात, आणि बंद करण्याआधी काही मिनिटं परत पेट्रोलवर चालवायची असतात. किनारा आला या घाईत तसंच बंद केलं की वाटी रॉकेलने भरलेली राहते. रॉकेल गार इंजिनात वाफ होतच नाही, कितीही ओढा. अशा वेळी ड्रेन स्क्रूने वाटी रिकामी करून पेट्रोल भरणं हाच उपाय.

आता चमच्याच्या चाचणीला जे इंजिन बोललंच नाही त्याबद्दल. सकाळच्या दवात खाऱ्या वायरवरून स्पार्क पळतो, म्हणून कॅप आणि वायर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरड्या करा, कॅपच्या आतला हिरवा गंज बघा. प्लगचा गॅप पुस्तकाप्रमाणे आहे का मोजा. स्पार्क बघताना प्लगची बॉडी इंजिनाच्या धातूला घट्ट टेकलेली हवी, नाहीतर सीडीआय जळू शकतो. आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको. या इंजिनांत फ्लायव्हील (दोरीने फिरणारं जड चाक) ठरावीक वेगाने फिरल्याशिवाय स्पार्क येत नाही, तेव्हा दोरी अर्धवट ओढणारा मुलगा आणि स्प्रिंग गंजलेला स्टार्टर हीसुद्धा कारणं असतात. स्पार्क चांगला आणि तरी मौन असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. दोन्ही सिलिंडरमध्ये 10-15 टक्क्यांहून जास्त फरक असेल, किंवा रीडची पात (मिश्रण क्रँककेसमध्ये एकाच दिशेने सोडणारी पातळ पट्टी) तुटली असेल, क्रँकचं वरचं सील हवा ओढत असेल, तर ते काम किनाऱ्यावर उभ्या-उभ्या होणारं नाही. वर्कशॉपला न्या.

तुम्ही मात्र एवढं करा. आज संध्याकाळी टाकी रिकामी करून पाच लिटर ताजं पेट्रोल भरा, ड्रेन स्क्रूमधून वाटी रिकामी करा, टॉर्च लावून चोकची चकती बघा. उद्या सकाळी बल्ब उभा धरून दाबा आणि ओढी मोजा. सहाच्या आत आलं तर कार्बोरेटरला हात लावू नका. दहाच्या वर राहिलं तर आयडल जेट.

रोज संध्याकाळी नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवण्याची सवय काहींना असते. रोज वापरणाऱ्याला मी ते सांगत नाही, कारण शेवटच्या मिनिटात पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं आणि सकाळी वाटी पुन्हा भरावी लागते. पंधरा दिवसांहून जास्त उभं राहणार असेल तर ड्रेन स्क्रू उघडून वाटी रिकामी करा, आणि मे अखेरीस होडी वर घेताना टाकी पूर्ण रिकामी, प्लगच्या भोकांतून चमचाभर तेच टीसी-डब्ल्यू3 ऑइल आत, दोरी दोनदा हळू ओढून ते पसरवलेलं. उरलेलं पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालू नका, त्यात ऑइल असतं. ज्याचं टू-स्ट्रोक त्या आठवड्यात चालू आहे अशा शेजाऱ्याला ते देऊन टाका.